सोलापुरात डीसीएफ७७ (रेडिओवरून वेळ पाठवणारा सिग्नल) चं रिसीव्हर मॉड्यूल आर्डुइनो बोर्डला जोडलं तर वेळ मिळेल का?

नाही मिळणार, आणि त्यात तुमच्या वायरिंगचा काही दोष नाही. डीसीएफ७७ चं स्टेशन जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला आहे, ७७.५ किलोहर्ट्झवर, रेंज साधारण २००० किलोमीटर. सोलापूर त्याच्या तिप्पट लांब, वर पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागांच्या मोटारींचा नॉइज वेगळाच.

पण डिकोडिंग शिकायचं सोडू नका, फार मस्त प्रकार आहे तो. दर सेकंदाला सिग्नल थोडा वेळ खाली जातो, ०.१ सेकंद गेला तर शून्य, ०.२ गेला तर एक, आणि ५९व्या सेकंदाला काहीच होत नाही म्हणजे पुढच्या ठोक्याला नवीन मिनिट सुरू. मिनिटांचा आकडा २१ ते २७ या सेकंदांत बीसीडीमध्ये येतो, म्हणजे प्रत्येक दशमान अंक वेगळा शून्य-एकमध्ये लिहून, आणि २८वा पॅरिटी, म्हणजे चूक पकडणारा बिट. दुसऱ्या आर्डुइनोवरून असेच पल्स तयार करा, दोघांचे ग्राउंड जोडा, डिकोडर घरीच तपासता येतो की.

खरी वेळ पाहिजे तर सरळ निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल घ्या. पीपीएसची (दर सेकंदाला एक पल्स देणारी) पिन असलेलंच बघून घ्या, ती आर्डुइनो उनोच्या पिन २ वर इंटरप्टला द्या, म्हणजे पल्स येताच बोर्ड हातातलं काम थांबवून तिची नोंद घेतो; कारण जीपीएस वेळ ज्यात पाठवतं ते सिरियलवरचं वाक्य सेकंद सुरू झाल्यावर उशिरा येतं, नेमका ठोका पीपीएसच देतो. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते, भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटं मिळवा, तारीख बदलते तेही सांभाळा. अँटेना पत्र्याखाली ठेवू नका, गच्चीवर किंवा खिडकीत ठेवा.