'पुश' हे इंग्रजी क्रियापद रोजच्या बोलण्यात कसं वापरायचं? त्याचा अर्थ फक्त 'ढकलणे' का?

नाही. 'पुश म्हणजे ढकलणे' एवढंच घोकून ठेवल्यामुळे माझी एकदा चांगली फजिती झाली होती.

परदेशातल्या टीमचा निरोप आला: 'द कॉल इज पुश्ट बॅक बाय अ‍ॅन अवर.' कॉल पाचला होता. बॅक म्हणजे मागे, म्हणजे तासभर आधी, असा हिशेब करून मी चहा अर्धा टाकून चारलाच लॅपटॉप उघडून बसलो. पाच वाजले तरी स्क्रीनवर मी एकटाच! कॉल सहाला होता. आपण जी मीटिंग 'पुढे ढकलतो', ती इंग्रजीत 'बॅक' जाते. अलीकडे आणायची असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड'. आणि 'शी पुश्ट बॅक ऑन द प्लॅन' असं कुणी म्हणालं, तर तिने योजनेवर हरकत घेतली. तारखेचा तिथे काही संबंध नाही.

मराठीत आपण क्रियापदच बदलतो. गाडी ढकलतो, ताट बाजूला सारतो, मागणी रेटतो, बटण दाबतो. इंग्रजीत या सगळ्यांना एकटा 'पुश' पुरतो, फक्त त्याच्या मागे लागणारा शब्द बदलतो: पुश द प्लेट अवे, पुश फॉर अ रेझ (पगारवाढीसाठी जोर लावणे), पुश द सोफा अगेन्स्ट द वॉल. दारासाठी तर परिणामही जोडून सांगतात. 'पुश द डोअर ओपन' म्हणजे ढकलून उघड, 'पुश द डोअर शट' म्हणजे ढकलून बंद कर. म्हणून नुसता 'पुश' पाठ करू नका, त्याच्या शेपटासकट अख्खं वाक्य उचला.

बटणाला पुश आणि प्रेस दोन्ही चालतात. पण कपडे 'प्रेस' करतात, आणि बंद पडलेली गाडी 'पुश'.

माणसांच्या बाबतीत जरा जपून. 'माय पेरेंट्स पुश्ट मी टू स्टडी' म्हणजे अभ्यास कर म्हणून मागे लागले. 'पुश्ट मी इन्टू इंजिनिअरिंग' म्हटलं की त्यात जबरदस्तीचा वास येतो. बसमधल्या गर्दीत 'डोन्ट पुश मी' म्हणजे 'अहो, ढकलू नका'; भांडणात तेच वाक्य 'माझा अंत पाहू नकोस' होतं. 'पुश ऑफ' कुणाला म्हणू नका, ते सरळ 'चल, फूट' आहे.

उच्चार 'पुष्कळ'मधल्या पु सारखा, ऱ्हस्व. भूतकाळात 'पुशेड' नाही, 'पुश्ट'. शेवटी ट ऐकू येतो. मी कित्येक वर्षं पुशेड म्हणत होतो आणि कुणी टोकलं नाही.

वयासाठीही हा शब्द येतो: 'ही इज पुशिंग फॉर्टी', म्हणजे चाळिशीला टेकलाय. चाळीस पूर्ण झालेल्याला हे लागू नाही, आणि दहा वर्षांच्या पोराबद्दल म्हणालात तर लोक हसतील.