वाचकांचे प्रश्न : गो या प्रोग्रॅमिंग भाषेत एका स्ट्रक्टमधून दुसऱ्या स्ट्रक्टमध्ये

प्रश्न : केळी खरेदीच्या आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या माहितीच्या नोंदी) आहेत, एक वजनकाट्याचं आणि एक शेतकऱ्याच्या बिलाचं. दोन्हींत शेतकरी, गाव, गाडी नंबर, वजन, दर अशी सारखीच फील्ड (नोंदीतले रकाने) आहेत, म्हणून काट्याच्या स्ट्रक्टचं जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहिण्याची पद्धत) करून तेच बिलाच्या स्ट्रक्टमध्ये भरतो. परवा १,८४० किलो मालाचं १,४५० रुपये भावाने बिल निघालं २६,६८,००० रुपयांचं! एरर कुठेच नाही. जेसन सोडून थेट टाइप बदलला तर सुटेल का?
— एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : नाही सुटणार. काटा किलोत मोजतो आणि केळीचा भाव क्विंटलचा असतो. बरोबर बिल १८.४० क्विंटल गुणिले १,४५०, म्हणजे २६,६८० रुपये. तुमच्या दोन्ही स्ट्रक्टमध्ये 'वजन' हे साधं फ्लोट-६४, म्हणजे नुसता दशांश आकडा, आहे. नाव तेच, टाइप तोच, मग तक्रार कोण करणार?

थेट टाइप बदलायला गोची अट एवढीच, की दोन्ही स्ट्रक्टमधली फील्ड त्याच क्रमाने, त्याच नावांची आणि त्याच टाइपची असावीत. जेसनचे टॅग (फील्डला जेसनमध्ये कोणतं नाव द्यायचं ते सांगणारी चिठ्ठी) वेगळे असले तरी चालतं. २०१७ मध्ये आलेल्या १.८ आवृत्तीपासून टॅग पाहिले जात नाहीत. तुमची स्ट्रक्ट या अटीत बसत असतील तर रूपांतर बिनबोभाट होईल आणि बिल पुन्हा शंभरपट येईल.

इलाज असा. किलो आणि क्विंटल असे दोन वेगळे टाइप करा, दोघांच्या पोटात फ्लोट-६४ असलं तरी हरकत नाही. काट्याच्या स्ट्रक्टमध्ये वजन किलो टाइपचं, बिलात क्विंटल टाइपचं. आता थेट रूपांतर कंपायलरच (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) अडवतो. किलो टाइपवर शंभराने भागून क्विंटल देणारी एक मेथड (त्या टाइपला जोडलेलं फंक्शन) लिहा आणि वजन फक्त तिच्यातूनच न्या. घाईत कोणी क्विंटल हा टाइप कंसाबाहेर लावून किलोचा आकडा त्यात घातला, तर कंपायलर तेही चालवून घेतो. कोड तपासताना तेवढं बघा.

जेसनची पळवाट मात्र बंदच करा. किलोचे १,८४० जेसनमध्ये गेले की नुसता आकडा उरतो. तो क्विंटलमध्ये अलगद जाऊन बसतो, म्हणजे वेगळे टाइप करून काही हाती लागत नाही. शिवाय ज्या कीला (जेसनमधल्या नावाला) समोर फील्ड नाही ती निमूट गळते (डिकोडरवर, म्हणजे जेसन वाचणाऱ्या भागावर, अनोळखी फील्ड नाकारण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते) आणि लहान अक्षराने सुरू होणारी फील्ड तर जेसनमध्ये जातच नाहीत. पाच फील्डसाठी हाताने लिहिलेलं फंक्शन दहा ओळींचं होतं. ते लिहायचा कंटाळा करू नये.

त्या फंक्शनमध्येही एक खोच आहे. फील्डची नावं देऊन स्ट्रक्ट भरलं आणि पुढे कोणी बिलात 'हमाली' हे फील्ड वाढवलं, तर जुना कोड कंपाइल होतो आणि हमाली शून्य राहते. नावं न देता नुसत्या किमती ओळीने लिहिल्या तर कंपायलर 'किमती कमी पडल्या' म्हणून थांबवतो. पण मग शेतकरी आणि गाव, दोन्ही स्ट्रिंग, उलटसुलट झाले तर कळत नाही. आमच्या मते नावंच द्यावीत आणि जोडीला एक टेस्ट ठेवावी. मूळ स्ट्रक्टच्या प्रत्येक फील्डमध्ये शून्य नसलेली, एकमेकांपासून वेगळी किंमत भरायची, फंक्शन चालवायचं आणि रिफ्लेक्ट पॅकेजच्या इझझीरोने (किंमत शून्य किंवा रिकामी आहे का ते सांगणारी मेथड) बिलाचं प्रत्येक फील्ड तपासायचं. शून्य सापडलं की टेस्ट नापास. वजन मात्र आकडा घालूनच तपासा : १,८४० किलो आत, १८.४ क्विंटल बाहेर.

प्रश्न : फील्डची नावं मराठीत ठेवली. 'वजन' आणि 'दर' चाललं, 'गाव' आणि 'शेतकरी'वर कंपायलर अडतो. जेसन केलं तर रिकामा महिरपी कंस येतो. असं का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : गोमध्ये नावात फक्त युनिकोडची 'अक्षरं', अंक आणि अधोरेषा चालतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबाने अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. 'वजन'मध्ये तीन सुटी अक्षरं, म्हणून ते पास. 'गाव' कान्यावर अडकतं, 'नंबर' अनुस्वारावर.

जेसन रिकामं येतं त्याचं कारण वेगळं. पॅकेजबाहेर दिसायला नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावं लागतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे 'वजन' कायम खासगी राहतं. नावाच्या सुरुवातीला रोमन मोठा एक्स जोडला तर ते बाहेर दिसतं, पण वाचायला विचित्र.

खरा घोळ टॅगमध्ये होतो. जेसनच्या टॅगमधल्या नावालाही जवळपास हाच नियम आहे, फक्त तिथे एरर येत नाही. टॅगमध्ये 'वजन' लिहिलं तर चालतं. 'गाव' लिहिलं तर टॅगमधलं नाव गुपचूप बाजूला पडून स्ट्रक्टमधलं रोमन नाव वापरलं जातं. म्हणून कोडमधली नावं आणि टॅग रोमनच ठेवा, मराठी फक्त स्क्रीनवर आणि छापील बिलावर. बाहेरून येणाऱ्या फाइलमध्येच मराठी की असतील तर आधी त्या मॅपमध्ये (की आणि किंमत अशा जोड्यांत) वाचा, कारण मॅपच्या कीला हे बंधन नाही, आणि तिथून एकेक फील्ड भरा.

तिथेही 'शेतकऱ्याचे नाव' सांभाळा. त्यातला 'ऱ' एकसंध अक्षर म्हणून येतो किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा जोडूनही येतो. दिसायला सारखे, बाइट वेगळे, म्हणून की सापडत नाही. नॉर्म पॅकेजच्या एनएफसी (युनिकोडचं ठरावीक जोडलेलं) रूपात दोन्ही बाजू आणून मग तुलना करा. काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक असं तिसरंच रूप देतात. ते एनएफसीने जुळत नाही, स्वतः बदलून घ्यावं लागतं.

प्रश्न : कापूस खरेदीत भाव नंतर ठरतो. तोवर दर शून्य दिसतो आणि शून्य रुपयांची बिलं छापली जातात. पॉइंटर (किमतीऐवजी तिच्या जागेचा पत्ता) वापरू का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : वापरा. दर पॉइंटर ठेवला की 'ठरला नाही' म्हणजे निल (पत्ताच नाही), आणि शून्य म्हणजे खरंच शून्य. पण पॉइंटर तसाच दुसऱ्या स्ट्रक्टमध्ये टाकला तर दोघांचा दर एकाच जागी राहतो. काट्याच्या बाजूने त्या जागी नवा आकडा लिहिला की बिलातलाही बदलतो. निल नसेल तर किंमत नव्या व्हेरिएबलमध्ये घेऊन त्याचा पत्ता द्या. स्लाइसचंही तेच : गाडीच्या वजनांची यादी नुसती असाइन केली तर मागचा अॅरे (मूळ साठा) एकच. २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून स्लाइसेस पॅकेजमध्ये क्लोन (यादीची प्रत काढणारं फंक्शन) आहे, ते वापरा. यादीत पॉइंटर असतील तर क्लोनही पुरत नाही, एकेक घटक वेगळा उतरवावा लागतो.

डेटाबेसकडचा नलफ्लोट-६४ (रिकामा राहू शकणारा आकडा) सरळ जेसनमध्ये पाठवू नका. दराऐवजी आकडा आणि 'वैध आहे का' अशा दोन कींचा ऑब्जेक्ट जातो आणि समोरचा अॅप गडबडतो. डेटाबेसच्या स्ट्रक्टमध्ये नल, बाहेर जाणाऱ्या स्ट्रक्टमध्ये पॉइंटर, आणि बिल छापण्याआधी निल असेल तर छपाई थांबवायची.