सिस्टर झालेल्या मावशीआजीचा शोध कुठून घ्यायचा?

प्रश्न: माझ्या आईची मावशी मूळची वसईची, १९३०च्या दशकात घर सोडून सिस्टर (नन) झाली. घरात तिचा एकच फोटो आहे, मागे शाईने 'सिस्टर मेरी' लिहिलंय, पुढचं नाव पुसलंय आणि शेवटी 'एफ.सी.' एवढंच दिसतं. मुंबईत दोन कॉन्व्हेंटमध्ये तिच्या घरच्या नावाने विचारून आले, अशी कोणी नाही म्हणाले. आता काय करू?
– एक वाचक, मालाड

उत्तर: ताई, घरच्या नावाने ती सापडणं कठीणच, कारण त्या काळी मठात गेलेल्या मुलीला बहुतेक वेळा नवीन नाव मिळायचं, कधी चक्क पुरुष संताचंसुद्धा, आणि मग पुढे आयुष्यभर तेच, थडग्यावरही तेच. पण तुमच्या हातात सर्वात मोठा धागा आहे, ती दोन अक्षरं. एफ.सी. म्हणजे डॉटर्स ऑफ द क्रॉस (अक्षरं त्यांच्या फ्रेंच नावाची), १८३३ साली बेल्जियममध्ये लिएजला सुरू झालेला सिस्टर्सचा संघ, वांद्र्याचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट त्यांचंच. जीझस अँड मेरीच्या सिस्टर असत्या तर आर.जे.एम. असतं. सिस्टर्सचे कागद सहसा बिशप हाऊसमध्ये नसतात, ज्या त्या संघाकडे असतात, त्यामुळे कॉन्व्हेंटच्या गेटवर चौकशी करण्यापेक्षा संघाच्या प्रॉव्हिन्शियलना, म्हणजे त्या प्रांताच्या प्रमुख सिस्टरना, सरळ पत्र लिहा.

त्याआधी वसईच्या पॅरिशमधून (तिच्या गावच्या चर्चमधून) बाप्तिस्म्याची नोंद काढून घ्या, आईवडिलांची नावं आणि तारीख त्यात मिळेल. जुनी रजिस्टरं लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात, वाचायला फादरांची मदत घ्या. समास नीट बघा हं, लग्नाची वगैरे नोंद तिथेच करतात. पण समास कोरा असला तर खचून जाऊ नका, १९१७च्या चर्चच्या कायद्यात फक्त 'सॉलेम' म्हणजे चर्चच्या दृष्टीने जास्त बंधनकारक अशा व्रताचीच नोंद करायला सांगितलं होतं आणि शाळेत शिकवणाऱ्या, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बहुतेक सिस्टर्स साधं व्रत घ्यायच्या, सगळ्यांच्या कायमच्या व्रताची नोंद १९८३च्या कायद्याने आली. म्हणजे कोऱ्या समासावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि फक्त मुंबईत शोधू नका! या संघाचं काम १८६०च्या दशकापासून कराचीतही होतं आणि १९४८पर्यंत कराची मुंबईच्याच आर्चडायोसिसमध्ये (आर्चबिशपच्या धर्मप्रांतात) होतं, त्यामुळे तिची बदली तिकडे झाली असेल, फाळणीनंतर ती तिथेच राहिली असेल, हेही शक्य आहे. मुंबईतल्या कब्रस्तानात दगड सापडला नाही म्हणून शोध सोडायचा नाही. 'एक्झामिनर' हे मुंबईचं कॅथलिक साप्ताहिक १८५०पासून निघतंय, मठातलं नाव कळलं की त्याचे जुने अंकही चाळून बघा.

पत्रात घरचं नाव, आईवडिलांची नावं, गाव, बाप्तिस्म्याची तारीख, तुमचं नातं सगळं लिहा आणि फोटोच्या दोन्ही बाजूंची कॉपी जोडा, कारण मठातल्या प्रवेशाच्या नोंदीत घरचं आणि मठातलं नाव एकत्र मिळायची शक्यता जास्त. नुसती मृत्यूची तारीख मागू नका, बऱ्याच संघांत सिस्टर वारली की तिच्या आयुष्यावर पान-दोन पानं लिहून ठेवतात, त्याची कॉपी आवर्जून मागा, ती कुठे कुठे राहिली, काय काम केलं ते त्यातच कळेल.