मिनीमूगचं प्लगइन सपाट वाटतंय? आधी हे तपासा

तुम्ही विचारलंय की मिनीमूग या जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरची तीन वेगवेगळी प्लगइन (म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकला) वापरून पाहिली, तिन्ही सपाट वाटली, मग अ‍ॅनालॉग आवाज सॉफ्टवेअरमध्ये उतरतच नाही का? आणि ज्याची सगळे तारीफ करतात तेच प्लगइन लावलं की लॅपटॉप का धापा टाकतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटातच आहे, म्हणून क्रमाने जाऊ.

उतरतो, आणि बरीच वर्षं उतरतोय. पण तुमच्या वर्णनावरून तुम्ही तुलना भलत्याच ठिकाणी करताय. एक ऑसिलेटर (मूळ लहर बनवणारा भाग), फिल्टर (त्या लहरीतले वरचे आवाज गाळणारा भाग) पूर्ण उघडा, एकच स्वर धरून ठेवलेला, या परीक्षेत कुठलंही बरं प्लगइन पास होतं आणि त्यातून काहीही कळत नाही. जुन्या यंत्राचा स्वभाव दिसतो तो सर्किटवर ताण येतो तेव्हा. मिक्सरमधून फिल्टरला झेपेल त्याहून जास्त सिग्नल जातो, रेझोनन्स फिल्टरला शिट्टीच्या काठावर नेऊन ठेवतो, एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार) संपायच्या आत पुढचा स्वर येतो. कान तिथे लावा.

'डिजिटल सिंथ कर्कश असतो' हा समज सुरुवातीच्या काळातला, आणि तेव्हा तो खराही होता. स्टाइनबर्ग कंपनीचं व्हीएसटी, म्हणजे प्लगइन जोडायची पद्धत, आलं 1996 मध्ये, वाद्यांची सोय आली 1999 च्या दुसऱ्या आवृत्तीत. तेव्हाच्या प्रोसेसरवर हिशोब काटकसरीनेच करावे लागत. काटकसर कानाला कशी टोचते ते पाहा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) 44,100 हर्ट्झ असेल तर 22,050 च्या वरचं काहीही मावत नाही. मावत नाही ते नाहीसं होत नाही, दुमडून खाली येतं. 3,000 हर्ट्झची सॉटूथ लहर सरधोपटपणे बनवली तर तिचा आठवा हार्मोनिक (मूळ स्वराच्या आठपट कंपनांचा घटक) 24,000 वर पडायचा, तो दुमडून 20,100 वर येतो. तिथपर्यंत ठीक, कुणाला ऐकू येतंय! पण चौदावा 42,000 चा, तो येतो थेट 2,100 वर. म्हणजे तुम्ही वाजवलेल्या स्वराच्याही खाली, आणि त्याच्याशी काडीचं नातं नसलेला. हे टाळण्याच्या पद्धती 1990 च्या दशकातच शोधल्या गेल्या आणि आज नावाजलेल्या प्लगइनमध्ये हा दोष सहसा सापडत नाही. तरी खात्री करायची असेल तर अगदी वरचा स्वर धरा आणि पिच बेंड सावकाश वर न्या. स्वर वर जाताना मागे काहीतरी खाली घसरताना ऐकू आलं, तर ते प्लगइन काढून टाका.

खरी मेख फिल्टरमध्ये आहे. मूगच्या ट्रान्झिस्टर लॅडर या फिल्टरचं पेटंट 1969 चं. एकावर एक चार पायऱ्या आणि शेवटचा सिग्नल उलटा करून पुन्हा सुरुवातीला, हा परतीचा रस्ता म्हणजे रेझोनन्स. सर्किटमध्ये हे सगळं एकाच वेळी घडतं. कॉम्प्युटरला मात्र आउटपुट काढायला इनपुट लागतं आणि इनपुट काढायला आउटपुट. जुन्या प्लगइननी यावर सोपी पळवाट काढली: परतीच्या रस्त्यावर आधीच्या सॅम्पलचं आउटपुट वापरायचं. उशीर किती, तर 22.7 मायक्रोसेकंद. कटऑफ (फिल्टर जिथून गाळायला लागतो ती जागा) 200 हर्ट्झवर असेल तर एक आवर्तन 5,000 मायक्रोसेकंदांचं, तिथे हा उशीर कुणाच्या बापाला कळत नाही. पण कटऑफ 10,000 वर नेला की आवर्तन उरतं 100 मायक्रोसेकंदांचं, आणि त्यातला जवळजवळ पाव भाग या उशिराने खाल्लेला असतो. मग शिट्टी भलत्याच स्वरावर वाजते, नॉब फिरवताना वरच्या टोकाला फिल्टर एकदम हातातून सुटतो, किंवा मरगळतो.

आताची चांगली प्लगइन हा उशीर ठेवतच नाहीत, दर सॅम्पलला ते समीकरण सोडवतात. ट्रान्झिस्टरचं वळण सरळ रेषेत नसतं, त्यामुळे ते एका फटक्यात सुटत नाही, जवळ जवळ जात राहावं लागतं. सेकंदाला 44,100 वेळा, तेही प्रत्येक व्हॉइससाठी (एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक स्वरासाठी), आणि ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत सॅम्पल रेट वाढवून हिशोब करणं) असेल तर त्याच्या काही पट. यू-ही कंपनीचं 'दिवा' (Diva) हे सिंथ प्लगइन 2011 च्या शेवटी आलं तेव्हा त्याच्या 'डिव्हाइन' मोडने भल्याभल्या मशीन गुडघ्यावर आल्या होत्या, त्या याच कारणाने. तुमचा लॅपटॉपही त्यामुळेच धापा टाकतोय.

याच फिल्टरची आणखी एक खूण. मूग लॅडरमध्ये रेझोनन्स वाढवला की खालचा आवाज खचतो. शिट्टी सुरू व्हायच्या बिंदूला तो एक-पंचमांश उरतो, म्हणजे सुमारे 14 डेसिबल कमी. तुमच्या प्लगइनमध्ये रेझोनन्स टोकाला नेऊनही बास जागचा हलत नसेल, तर लिहिणाऱ्याने तुमच्या सोयीसाठी तो भरून काढलाय. त्यात गैर काही नाही, पण मग 'मूळ यंत्रासारखं का वाटत नाही' हेही विचारू नका.

आता तुमच्या तक्रारीकडे, 'जाडपणा' कुठे जातो. माझ्या मते दहातल्या आठ वेळा तो मिक्सरमध्ये अडकलेला असतो. मूळ मिनीमूगमध्ये तिन्ही ऑसिलेटरचे नॉब अर्ध्याच्या पुढे गेले की फिल्टरचं तोंड भरायला लागतं, आणि तो मऊ विकृतपणा म्हणजेच लोक ज्याला 'वॉर्म' म्हणतात ते. प्लगइनमध्ये आपण आउटपुट लाल व्हायला नको म्हणून मिक्सर खाली ठेवतो आणि मग बाहेरून कॉम्प्रेसर लावून बळ आणू पाहतो. उलट करा. मिक्सर वर, शेवटचा व्हॉल्यूम खाली. जुने वाजवणारे हेडफोनचं आउटपुट बाहेरच्या इनपुटमध्ये खुपसून आणखी ताण द्यायचे. बऱ्याच प्लगइनमध्ये त्यासाठी वेगळा नॉब असतो, तो हात न लावता पडून राहतो.

दुसरी गोष्ट फेजची, म्हणजे लहर कुठल्या जागेपासून सुरू होते त्याची. एकच बासचा स्वर आठ वेळा वाजवा, ऑडिओमध्ये रेकॉर्ड करा आणि झूम करून पाहा. आठही लहरींची सुरुवात छापल्यासारखी सारखी दिसली, तर प्रत्येक स्वराला ऑसिलेटर शून्यापासून सुरू होतोय. मिनीमूगचे ऑसिलेटर कळ दाबा न दाबा, चालूच असतात. कळ फक्त दार उघडते. त्यामुळे तिन्ही लहरी दरवेळी वेगळ्या जागी भेटतात आणि प्रत्येक स्वराचा ठोका किंचित वेगळा पडतो. 'रीसेट' किंवा 'रीट्रिगर' नावाची खूण सापडली तर काढून टाका. सोबत दुसरा ऑसिलेटर जरासा बेसूर करा. 110 आणि 110.5 हर्ट्झमध्ये मूळ स्वराची लाट दोन सेकंदांनी एकदा येते, पण दहाव्या हार्मोनिकची सेकंदाला पाच वेळा. खाली संथ, वर चुळबुळ, ही हालचाल कोरस इफेक्टने (आवाजात त्याचीच किंचित बेसूर प्रत मिसळून) येत नाही.

'ड्रिफ्ट'चा, म्हणजे सूर मुद्दाम डळमळवणारा, नॉब मात्र सगळीकडे फिरवू नका. जुनं म्हणजे डळमळीत, असं सरसकट नसतं. रोलँडच्या जुनो-106 या सिंथमधले ऑसिलेटर क्रिस्टलच्या घड्याळावर चालतात, सुरात ते पक्के असतात, एन्व्हलपही प्रोसेसरच बनवतो. त्याची रुंदी येते ती कोरसमधून, आणि त्या कोरसची सळसळ ही त्याची खरी ओळख. जुनोच्या प्लगइनवर ड्रिफ्ट चढवून 'व्हिंटेज' म्हणणाऱ्यांनी मूळ यंत्र ऐकलेलं नसावं. प्रॉफेट-5 या सिंथचं उलट. 1978 च्या त्या यंत्रात पाच व्हॉइस म्हणजे सगळं सर्किट पाच वेळा, आणि पाचही भावंडं थोडी थोडी वेगळी. तिथे व्हॉइसागणिक फरक हवाच. गंमत म्हणजे 2020 मध्ये तेच यंत्र नव्याने आलं तेव्हा कंपनीने त्यावर 'व्हिंटेज' नावाचा नॉब बसवला, म्हणजे नवं कोरं हार्डवेअरसुद्धा थोडं बिघडवून विकावं लागतं.

पुढेमागे टीबी-303 या बास सिंथच्या नकलेकडे वळलात तर फिल्टरच्या वादात पडू नका, अ‍ॅक्सेंट (निवडक स्वरांवरचा जोर) तपासा. लागोपाठ तीन-चार स्वरांना अ‍ॅक्सेंट दिला की मूळ सर्किटमधला कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, आणि फिल्टर दर ठोक्याला आधीपेक्षा वर उसळतो. सगळे अ‍ॅक्सेंट एकाच उंचीचे येत असतील तर ती नक्कल अर्धवट आहे.

बाकी जुन्या रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते नुसतं सिंथ नसतंच. मिक्सिंग डेस्क, टेप, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. सॅच्युरेशनचं (तसाच मऊ विकृतपणा आणणारं) एखादं साधं प्लगइन मागे लावून मगच तुलना करा.

चौथं प्लगइन आत्ता घेऊ नका. हातातल्या तिन्हींवर वरच्या परीक्षा करा, एक तरी टिकेल. लॅपटॉपसाठी: रचना करताना क्वालिटी खालच्या मोडवर ठेवा आणि रेंडर करताना (शेवटची ऑडिओ फाइल काढताना) वरच्या, बऱ्याच प्लगइनमध्ये ऑफलाइन रेंडरसाठी वेगळी सेटिंग असते. प्रोजेक्ट 96 किलोहर्ट्झवर असेल तर वर चौपट ओव्हरसॅम्पलिंगची गरज सहसा नसते. आणि बासच्या पॅचला (सेटिंगला) आठ व्हॉइस देऊ नका. मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवायचा, प्लगइनलाही एकच द्या. बराच भार तिथेच उतरेल, शिवाय स्वरावरून स्वरावर घसरताना ग्लाइडही मूळ यंत्रासारखा लागेल.