वाचकांचे प्रश्न : लग्नाला पहिल्यांदाच जाताना

प्रश्न : माझ्या बहिणीचं लग्न पुण्यात आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा. माझ्या ऑफिसातले दोन जर्मन सहकारी येणार आहेत. त्यांनी आजवर एकही भारतीय लग्न पाहिलेलं नाही. त्यांना आधी काय काय सांगून ठेवू?

उत्तर : आधी वेळेचं सांगा. पत्रिकेवर १२.१७ छापलंय म्हणून ते सव्वाबाराला दारात हजर होतील, आणि मंगलाष्टकांतली शेवटचीच ओळ त्यांच्या कानावर पडेल. १२.१७ ही अंतरपाट दूर होण्याची वेळ. गुरुजी त्याआधी दहा-पंधरा मिनिटं मंगलाष्टका सुरू करतात आणि शेवटची बरोबर मुहूर्तावर संपवतात. म्हणून त्यांना सव्वाअकराची वेळ द्या. दारात अत्तर, गुलाबपाणी, बायकांना हळदकुंकू आणि गजरा, शिवाय फेटा बांधून घ्यायचा असेल तर फेटेवाल्यापुढची रांग, एवढ्यात पाऊण तास सहज जातो. फेटा बांधतानाच तो घट्ट होतोय का ते सांगायचं. एकदा बसला की सैल करता येत नाही, उलगडून पुन्हा बांधावा लागतो, आणि घट्ट फेट्याने तासाभरात डोकं ठणकायला लागतं.

अक्षता सभागृहात आधीच वाटतात. कुंकू लावलेले अखंड तांदूळ असतात, काही भागांत ज्वारीही असते. पाहुणे हमखास चुकतात ते इथेच. पहिल्या ‘सावधान’लाच सगळी मूठ रिकामी करतात आणि शेवटी हातात दाणा उरत नाही. नावात अष्टक असलं तरी मंगलाष्टका आठावर थांबतातच असं नाही. आत्या, मावशी, काका स्वतः रचलेली कडवी म्हणतात. म्हणून प्रत्येक ‘शुभमंगल सावधान’ला चार-पाच दाणेच टाकायचे. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की शेवट आला असं समजायचं आणि उरलेल्या अक्षता हातात तयार ठेवायच्या. वाजंत्री वाजली, अंतरपाट निघाला, की त्या वधूवरांवर टाकायच्या. मागे बसलेल्यांनी भिरकावू नयेत, त्या पुढच्यांच्या डोळ्यांत आणि मानेत जातात. शक्य असेल तर मंडपाजवळ जाऊन हलक्या हाताने टाकाव्यात. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या तांदळावरून पाय घसरतो, तेव्हा नंतर चालताना खाली बघा म्हणावं.

आता महत्त्वाचं. अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, टाळ्या झाल्या, की आपली निम्मी मंडळी जेवणाकडे वळतात. पाहुण्यांना वाटतं लग्न आटोपलं. खरं तर कन्यादान, मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी सगळं पुढेच असतं आणि बहुतेक वेळा ते पाचपन्नास माणसांपुढेच होतं. हे पाहुण्यांच्या हातून निसटू देऊ नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार, ज्या विधींत सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. लांबून आलेल्या माणसाने ते पाऊल पाहिलंच पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

गुरुजींना सकाळीच विचारून ठेवा की सप्तपदी साधारण किती वाजता होईल. काही घरांत अक्षतांनंतर वधू साडी बदलते, मग भेटीगाठी आणि फोटो होतात, मग होम पेटतो. काही घरांत विधी सलग चालतात. उत्तराप्रमाणे पाहुण्यांना आधी किंवा मधल्या वेळेत जेवायला पाठवा. लाजाहोमाला वधूच्या भावाच्या बाजूला जागा मिळाली तर उत्तम. तो बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालताना आणि मग नवरदेवाचा कान पिळताना तिथून नीट दिसतो. सप्तपदीला तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू उजवं पाऊल एकेका राशीवर ठेवत पुढे जाते.

मंडपात चढताना चपला काढायच्या. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी कडेला खुर्ची ठेवा, म्हणजे होमाकडे पाय पसरून बसायची वेळ येणार नाही. मोबाइल डोक्यावर धरून चित्रीकरण केलं की मागच्या दहा जणांना काही दिसत नाही, हेही स्पष्ट सांगा. कपड्यांत पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा टाळावा. जर्मन पाहुणीला साडी नेसायची हौस असेल तर खरा प्रश्न ब्लाउजचा, तो मापाने शिवायला आठवडाभर हवा. पहिल्याच वेळी नऊवारी नेसायची असेल तर शिवलेली घ्या.

प्रश्न : आम्ही मूळचे लखनौचे, नाशिकला नुकतेच राहायला आलो. शेजाऱ्यांच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण आहे. आहेर किती आणि कसा करतात?

उत्तर : पत्रिका शेवटपर्यंत वाचा. ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असेल तर ते खरंच तसं असतं. आग्रहाने पाकीट पुढे केलं की यजमानांची पंचाईत होते. तसं काही लिहिलेलं नसेल तर २५१, ५०१, ११०१ असा, शेवटी एक येईल असा आकडा. दुकानात रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं मिळतात. किती द्यायचं ते नात्यावर आणि तुमच्या सोयीवर. शेजारधर्माला ५०१ कुठेच कमी मानत नाहीत.

पाकिटावर नाव आणि गाव लिहायला विसरू नका. पुष्कळ घरांत आहेराची वही असते. कोणी किती दिलं ते त्यात टिपतात आणि तुमच्या घरी कार्य निघालं की ती वही काढून पाहतात. निनावी पाकीट नेमकं तिथे अडतं. मोठ्या खोक्यातली भेटवस्तू मात्र लग्नाच्या दिवशी नेऊ नका. रात्री कार्यालय रिकामं करताना ती कोणाच्या गाडीत टाकायची यावरून धावपळ होते. चार दिवसांनी घरी जाऊन द्या.

प्रश्न : माझा जन्म न्यू जर्सीत झाला. चुलतभावाच्या लग्नासाठी पहिल्यांदाच साताऱ्याला जाते आहे. तिथे बुफे नसून पंगत आहे म्हणे. पानावर कुठून सुरुवात करू आणि वाढणाऱ्यांना थांबवू कसं?

उत्तर : पंगत मिळतेय हे तुमचं भाग्य, आता फार कमी कार्यालयांत ती उठते.

केळीच्या पानाचं टोक डाव्या हाताला येतं. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पंचामृत ही डावी बाजू. उजवीकडे भाज्या, म्हणजे बटाट्याची, अळूची. समोर वरण-भाताची मूद. मुदीवर तूप वाढून होईपर्यंत आणि ‘वदनि कवळ घेता’ म्हणून होईपर्यंत हात लावायचा नाही. मग पहिला घास वरण-भाताचा, उजव्या हाताने. त्यानंतर पुऱ्या, जिलबी, मसालेभात येतात आणि बरोबर मठ्ठा. शेवट ताक-भाताने होतो.

डावीकडचे पदार्थ चवीपुरते असतात, पंचामृताची वाटी मागू नका. अळू पातळ असतं, पानावर घेतलं तर ते वाहत मांडीपर्यंत येतं. द्रोण किंवा वाटी मागून घ्या.

थांबवायचं तंत्र असं. पळी पानावर यायच्या आधी तळहात पानावर आडवा धरायचा आणि ‘पुरे’ म्हणायचं. पळी वर आल्यावर हात घातला तर आमटी हातावर सांडते. एकदा ‘नको’ म्हटलं तर वाढणारा ते संकोच समजतो आणि मुद्दाम दोन जिलब्या टाकतो. म्हणून सुरुवातीलाच अर्धी जिलबी मागा आणि पुढचा आग्रह होईल तेव्हा उरलेली अर्धी घ्या. आग्रह करणाऱ्याचा मान राहतो, पानात काही उरत नाही. पानात टाकलेलं मात्र कोणालाच आवडत नाही.

आपलं जेवण आधी झालं तरी पंगत उठेपर्यंत बसून राहायचं. पण उठल्यावर तिथेच गप्पा मारत थांबू नका, मागे दुसरी पंगत उभी असते.

प्रश्न : मुलाच्या मित्राचं लग्न चेन्नईत, तमिळ ब्राह्मण पद्धतीचं आहे. आम्ही दोघं ठाण्याहून जाणार. आपल्यापेक्षा काय वेगळं असेल?

उत्तर : मुहूर्त सकाळी लवकर असतो, तेव्हा आदल्या रात्रीच पोहोचा. रिसेप्शनही बरेचदा आदल्या संध्याकाळीच उरकतं. मुहूर्तानंतर रिसेप्शन असेल असं धरून दुपारी पोहोचणाऱ्यांना फक्त जेवण मिळतं.

काशीयात्रा नावाच्या विधीत नवरा छत्री-काठी घेऊन निघतो आणि मुलीचे वडील त्याला परत बोलावतात. मग हारांची अदलाबदल आणि झोपाळा. मुख्य क्षण ताली, म्हणजे तिथलं मंगळसूत्र, बांधण्याचा. वधू वडिलांच्या मांडीवर बसते, पहिली गाठ नवरा मारतो, पुढच्या दोन त्याची बहीण. त्या वेळी नादस्वरम आणि तविल अचानक जोरात वाजू लागतात, कुठलाही अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून. हे गेट्टीमेळम. कानठळ्या बसल्या तरी उठू नका. अक्षता टाकायच्या त्या तेव्हाच. आपल्यासारखं अंतराअंतराने टाकणं तिथे नाही.

जेवण झाल्यावर केळीचं पान स्वतःच्या बाजूला दुमडतात. निघताना नारळ-विड्याची पिशवी मिळते, ती न घेता निघणं बरं दिसत नाही. विमानाने परतणार असाल तर नारळ मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तो तपासणीला अडतो.

प्रश्न : हळदीला गेल्यावर कपड्यांवर डाग पडले. साबण लावताच ते लाल झाले! आता काय?

उत्तर : घाबरू नका. साबण अल्कधर्मी असतो, त्याने हळद लाल होते. भरपूर गार पाण्यात खळबळून साबण काढला की पुन्हा पिवळी दिसेल. कापड सुती असेल तर ओलंच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीनदा असं केलं की डाग पुष्कळ फिकट होतो. रेशमी असेल तर ऊन दाखवू नका, मूळ रंगही जाईल. थेट ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग हळदीचा आहे हे सांगा. पुढच्या हळदीला जुना सुती कुर्ता घाला, पैठणी लग्नाच्या दिवसासाठी ठेवा.