नवव्या शतकात दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाने व्हायकिंगांना नेमकं कसं रोखलं? एडिंग्टनची एक लढाई जिंकून?

नाही. मे 878 मधल्या एडिंग्टनच्या विजयाने वेसेक्सला उसंत मिळाली, व्हायकिंगांचा म्होरक्या गुथ्रुमने बाप्तिस्माही घेतला. पण खरं काम त्यानंतरचं. त्याच वर्षी जानेवारीत गुथ्रुमने चिपनहॅमवर अचानक झडप घातली होती आणि राजाला अॅथलनीच्या दलदलीत लपावं लागलं होतं. सैन्य गोळा होईपर्यंत शत्रू लूट घेऊन पसार, हे खरं दुखणं.

उपाय म्हणून त्याने 'बर्ह' म्हणजे तटबंदीची ठाणी उभारली. त्याच्या मुलाच्या काळातल्या यादीत अशी तीसेक ठाणी आहेत, हिशेबासकट: दर पोल (सुमारे 5 मीटर) तटामागे 4 माणसं, आणि दर हाईड (जमीन मोजायचं तेव्हाचं एकक) जमिनीमागे 1 माणूस. विंचेस्टरच्या नावे 2400 हाईड, म्हणजे 600 पोल, जवळजवळ 3 किलोमीटर तट. तिथल्या जुन्या रोमन तटाची लांबीही जवळपास तेवढीच भरते! शिवाय फौजेचे दोन भाग केले: अर्धे मोहिमेवर, अर्धे घरी.

त्रुटी होत्याच. 892 मध्ये व्हायकिंगांची मोठी फौज पुन्हा आली, तेव्हा केंटकडचं एक ठाणं अर्धवट बांधलेलं, आत मोजके शेतकरी. ते लगेच पडलं. पुढच्या वर्षी व्हायकिंगांना वेढा घातलेला असताना आल्फ्रेडच्या फौजेची पाळी संपली, शिधाही संपला, आणि बदली तुकडी पोचण्याआधीच माणसं घरी निघाली. आल्फ्रेडने बांधून घेतलेल्या लांब जहाजांचं कौतुक फार होतं, पण 896 मध्ये ती ओहोटीला रुतून बसली. तरी त्या वर्षी व्हायकिंगांची ती मोठी फौज पांगली, वेसेक्स न जिंकता.