शिडाच्या बोटीवरचा संसार : तुमचे प्रश्न

मागच्या लेखात शिडाच्या बोटीने उष्ण कटिबंधातली बेटं फिरण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर सातारा-सांगली भागातून बरेच प्रश्न आले. सूर्यास्त आणि नारळीची झाडं यांबद्दल कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांना पाणी, पीठ, संडास आणि पैसा यांचीच काळजी आहे, आणि ते बरोबरच आहे.

चारी बाजूंनी खारं पाणी. मग प्यायचं कुठून आणता? आमच्याकडे निदान टँकर तरी येतो. – एक वाचक, जत

जतच्या माणसाला बोटीवरची शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. साधारण १२ मीटर लांबीच्या बोटीत ३०० ते ५०० लिटरच्या टाक्या असतात. जपून वापरलं तर माणशी दिवसाला आठ-दहा लिटर पुरतं, पिण्याचं धरून. आता हिशेब करा. प्रशांत महासागरात गॅलापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३००० सागरी मैल आहेत. ही बोट दिवसाकाठी १२०-१४० मैल कापते, म्हणजे तीन आठवडे तरी हवेत. दोन माणसं, ४०० लिटरची टाकी आणि रोजचे २० लिटर धरले तर विसाव्या दिवशी टाकी कोरडी. म्हणून वरून कॅन भरून घ्यायचे आणि टाक्या दोन वेगळ्या ठेवायच्या. एकीत घाण गेली तरी दुसरी शाबूत राहते.

भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. अंघोळही तशीच. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेस धरत नाही, भांड्यांचं लिक्विड धरतं. त्यामुळे बोटीवरचे लोक बिनदिक्कत तेच अंगाला लावतात. कपडे मात्र खाऱ्या पाण्यात पिळून वाळत घालू नका. राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि टॉवेल महिनाभर दमटच राहतो.

हल्ली बऱ्याच बोटींवर वॉटरमेकर, म्हणजे खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र असतं. तत्त्व घरातल्या आरओचंच, फक्त दाब ५५ बारच्या आसपास लागतो. तासाला ३०-६० लिटर देणारी यंत्रं मिळतात. पण तेलकट, गढूळ बंदरात ते चालवायचं नाही, आणि नळाचं क्लोरीनचं पाणी त्याच्या पडद्याला बाधतं. ते बिघडणारच असं धरून टाकी भरलेली ठेवायची. पावसाचं पाणी ताडपत्रीवर धरता येतं. पहिली दहा मिनिटं मात्र सोडून द्यायची, ताडपत्रीवरचं मीठ धुऊन जाऊ द्यायचं.

भाकरी होते का हो बोटीवर? आणि भाजीपाला किती दिवस टिकतो? – एक गृहिणी, सातारा

नांगर टाकून बोट शांत उभी असेल तर होते. शेगडी दोन खुंट्यांवर झुलती टांगलेली असते. बोट कलली तरी तवा सपाट राहतो. भर समुद्रात मात्र भाकरी थापायच्या भरीला पडू नका. एक हात कायम कशाला तरी धरण्यात गुंतलेला असतो. शिवाय ज्वारीचं पीठ दमट हवेत लवकर कडवट होतं. प्रवासात खरा आधार कुकरचा. झाकण पक्कं बसतं, त्यामुळे बोट हिंदकळली तरी खिचडी अंगावर सांडत नाही. भाताला एक वाटी समुद्राचं आणि तीन वाट्या गोडं पाणी घेतलं की मीठही घालायला नको. अर्थात खोल समुद्रातलं, बंदरातलं नव्हे.

पालेभाजी चार दिवसांत संपते. कोबी, भोपळा, कांदे, बटाटे जाळीच्या झोळीत वारा लागेल असे टांगले तर आठवड्यांनी मोजून टिकतात. कांदे-बटाटे मात्र एकाच झोळीत नकोत. केळीचा घड बेटावर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, सगळा दोन दिवसांत एकदम पिकतो आणि मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शिकरण. पंधराव्या दिवशी ताजं काय खायचं, यावर गोऱ्या खलाशांची पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याकडे मटकी आहे. ओल्या फडक्यात बांधली की दोन दिवसांत मोड. सोबत सांगलीचा बेदाणा आणि हळद भरपूर घ्या, दोन्ही दमटपणा सोसतात, नीट बंद डब्यात ठेवले तर.

पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायचं नाही, हा नियम कडक पाळा. त्याच्या पन्हळांत झुरळांची अंडी असू शकतात. सामान धक्क्यावरच काढून, पुसून डब्यांत भरायचं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडे जाणार असाल तर किनारा दिसायच्या आत ताजी फळं, भाज्या संपवा. तिथले अधिकारी बोटीवर येऊन तपासतात आणि उरलेलं काढून घेतात.

गॅसबद्दल एक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीचं काम उरतं. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याचं भोक थेट समुद्राकडे उघडतं.

रात्री बोट कुठे उभी करता? – एक विद्यार्थी, कराड

भर समुद्रात उभी करता येत नाही, खाली हजारो मीटर पाणी असतं. चालतच राहायचं. तीन-चार तासांच्या पाळ्या असतात: एक झोपतो, दुसरा जागतो. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत तुमच्यापाशी येऊ शकतं, म्हणून जागणाऱ्याने तेवढ्या वेळाच्या आत चहूकडे नजर फिरवायचीच. एआयएसवर, म्हणजे जहाजांनी रेडिओवरून पाठवलेली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर, मोठ्या जहाजांची नावं-वेग दिसतात. कोळ्यांच्या छोट्या होड्या बहुधा दिसत नाहीत. एकटे जाणारे तुकड्या-तुकड्यांत झोप घेतात. आपले नौदलातले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेही असेच. त्यांची वाट दक्षिणेच्या गारठ्यातली होती. आपण बोलतोय ते त्यामानाने ऐषारामाचं आहे.

बेटाजवळ नांगर टाकतात, तोही वाळूत. प्रवाळावर टाकला तर प्रवाळ मोडतात आणि साखळी अडकते. पाणी आठ मीटर खोल असेल तर निदान ४० मीटर साखळी सोडायची, वारा असेल तर त्याहून जास्त. नंतर पाण्यात उतरून नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघायचं. प्रवाळाच्या कड्यातून आत शिरायचं ते सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच: गडद निळं म्हणजे खोल, तपकिरी दिसलं की खडक. संध्याकाळी पोचलात तर रात्र बाहेरच काढायची.

निवृत्तीनंतर एफडी मोडून बोट घ्यावी का? – एक दाम्पत्य, सांगली

नको. आधी कुणाच्या तरी बोटीवर महिनाभर हात लावून बघा. खर्चात वाटा उचलणारे सोबती पुष्कळांना हवे असतात. किंवा फुकेतकडे नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान कप्तानासह बोट भाड्याने घ्या. बोट घेतल्यावर दरवर्षी तिच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला, हा जुना अंदाज आहे आणि जुन्या बोटीला तोही अपुरा पडतो. तळाला शेवाळ-शंख धरू नयेत म्हणून वर्षा-दोन वर्षांनी रंग, डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलायच्या, शिवाय विमा. विमेवाले वादळाच्या मोसमात बोट कुठे आहे ते विचारतात: दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल, कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर. म्हणजे वर्षातले सहा महिने तुम्ही कुठे असावं हे हवामान ठरवतं.

बोट लागली तर? – वाई

पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना लागते. गोळी निघायच्या आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. खाली केबिनमध्ये मोबाइल बघत बसू नका. वर या, क्षितिजाकडे बघा, सुकाणू हातात घ्या.

शिकायचं कुठे? तापोळ्याला होईल का? – महाबळेश्वर

तिथल्या शिवसागर जलाशयावर मोटरबोटी आहेत. शीड शिकायला मुंबई किंवा गोवा गाठा. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. सांगलीत कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतींत उतरणाऱ्या पोरांना पाण्याची समज असते, शिडाचं गणित त्यांना लवकर येईल.

विचारायला संकोच वाटतो, पण संडासचं काय? – नाव नको

संकोच कसला, सगळ्यात जास्त दुरुस्ती त्याचीच. हाताने पंप मारून समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि मैला त्याच्या वेगळ्या टाकीत किंवा, किनाऱ्यापासून दूर असाल तर, बाहेर सोडायचा. कागद टाकायचा नाही. खारं पाणी आणि लघवी मिळून नळीत आतून चुन्यासारखा थर धरतो. नळीचं भोक बोटाएवढं होईपर्यंत कळत नाही. अधूनमधून व्हिनेगर ओतलं तर लांबतं, पण कधीतरी नळी काढून धक्क्यावर आपटावी लागतेच. ते काम कुणाचं, हे निघण्याआधी ठरवा.

नवरा-बायकोत भांडण झालं तर जायचं कुठे? – विटा

डोलकाठीच्या पुढे. बोट तिथेच संपते. भांडणं बहुतेक नांगर टाकतानाच होतात. एक पुढे साखळीपाशी, दुसरा मागे सुकाणूवर. वारा आणि इंजिनच्या आवाजात दोघंही ओरडतात आणि दोघांनाही वाटतं समोरचा चिडलाय. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या: पुढे, मागे, मूठ म्हणजे थांब. नांगर नाही लागला तर उचलून परत टाकायचा. शेजारच्या बोटीवरची मंडळी चहा घेऊन बघत बसलेली असतील, तिकडे लक्ष द्यायचं नाही. उद्या नवी बोट आली की तुम्हीही तेच करणार.